२३ किलोची बॅग: माणसाला शिकवायचं की काम बदलायचं?

परदेशी शिकायला निघालेल्या कुणाच्या घरी आदल्या रात्री गेला असाल, तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. हॉलमध्ये दोन उघड्या बॅगा, शेजारी वजनकाटा, आणि चकलीचा डबा हातात धरून उभी असलेली कुणीतरी मावशी. बॅग २३.४ भरते. लोणच्याची बरणी बाहेर येते, पुस्तक हातातल्या सामानात जातं. काटा २३ वर आला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात.

विमानतळावर ती बॅग काउंटरच्या पट्ट्यावर ठेवली की आपल्यापुरता विषय संपतो. माझ्या संशोधनाचा विषय तिथून सुरू होतो. मी अर्गोनॉमिक्समध्ये पीएच.डी. करतेय. अर्गोनॉमिक्स म्हणजे, एका वाक्यात सांगायचं तर, काम माणसाला साजेसं कसं करायचं याचा अभ्यास. आज विमानतळावर सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या लोडर लोकांच्या दुखापतींबद्दल लिहितेय. पण हा लेख विशेष करून संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी आहे. प्रश्न कसा मांडला यावर उत्तर कुठे सापडणार हे ठरतं, आणि हा विषय त्याचा उत्तम नमुना आहे.

आधी काम नीट बघू

तुमची बॅग पट्ट्यावरून आत जाते, स्कॅन होते, वर्गवारी होते. इथपर्यंत यंत्रं काम करतात. पुढे मात्र हात लागतात. पट्ट्यावरून बॅग उचलून ट्रॉलीत लावायची, ही पहिली उचल. ट्रॉली ओढून विमानापाशी नेली की तिथे ट्रॉलीतून बेल्ट लोडरवर, म्हणजे चाकांवरच्या तिरक्या सरकत्या पट्ट्यावर ठेवायची, ही दुसरी. विमानाच्या पोटात दाराशी एक जण बॅग घेतो आणि आत ढकलतो, ही तिसरी. आत बसलेला दुसरा ती रचून ठेवतो, ही चौथी. उतरण्याच्या ठिकाणी हेच सगळं उलट क्रमाने. म्हणजे एका सरळ प्रवासात तुमची बॅग साधारण आठ वेळा कुणाच्या तरी हातातून जाते.

समजा एका विमानात १५० बॅगा आहेत आणि सरासरी वजन १५ किलो धरलं. झाले २,२५० किलो, सव्वादोन टन. आत रचणारा एकच असेल तर हे सगळं एका माणसाच्या हातून जातं, आणि तेही विमान जमिनीवर असतं तेवढ्या थोड्या वेळात. मग पुढचं विमान.

आता त्या पोटाची उंची बघा. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० यांसारख्या एका मार्गिकेच्या विमानांत सामानाच्या जागेची उंची सव्वा मीटर किंवा त्याहून कमी असते. आपल्याकडची बहुतेक देशांतर्गत उड्डाणं अशाच विमानांची असतात. त्या उंचीत मोठा माणूस उभा राहू शकत नाही. तो गुडघ्यांवर असतो, किंवा उकिडवा, किंवा कमरेतून वाकलेला. त्याच अवस्थेत तो बॅगा फेकतो, ओढतो, वळतो आणि छताला लागेपर्यंत थर लावतो.

माझ्या पहिल्या प्रस्तावाची गोष्ट

पहिल्या वर्षी मी जो प्रस्ताव लिहिला, त्याचा गाभा होता 'लोडर्ससाठी योग्य उचल-पद्धतीचं प्रशिक्षण'. पाठ सरळ ठेवा, गुडघे वाकवा, वजन अंगाजवळ धरा. मराठी-हिंदीत चित्रफिती, आधी-नंतर प्रश्नावली, सहा महिन्यांनी पुन्हा प्रश्नावली. मला तो फार आवडला होता. माझ्या गाईड मॅडमनी वाचून एकच गोष्ट विचारली: हे सगळं केल्यावर कुठली बॅग हलकी होणार आहे, आणि कुठलं छत वर जाणार आहे?

मी गप्प बसले. मग त्यांनी मला जुने अभ्यास वाचायला लावले. त्यातले तीन तुम्हीही जरूर शोधून वाचा.

पहिला १९७८ चा. स्टोव्हर स्नूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठीच्या दुखापती टाळण्याचे तीन मार्ग तपासले: भरतीच्या वेळी माणसं पारखून निवडणं, कामगारांना उचलायचं प्रशिक्षण देणं, आणि कामाची रचनाच बदलणं. पहिल्या दोन मार्गांचा दुखापती कमी होण्याशी संबंध दिसला नाही. कामाची रचना नीट केली तर मात्र भरपाईच्या दाव्यापर्यंत जाणाऱ्या पाठीच्या दुखापतींपैकी एक तृतीयांशापर्यंत टाळता येतील, असा त्यांचा अंदाज होता.

दुसरा १९९७ चा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला. अमेरिकेतल्या सुमारे ४,००० टपाल कर्मचाऱ्यांवर झालेला नियंत्रित प्रयोग. काही गटांना पाठीच्या काळजीचं व्यवस्थित प्रशिक्षण दिलं, काहींना नाही. पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. प्रशिक्षण घेतलेल्यांची माहिती वाढली, पण पाठीच्या दुखापती कमी झाल्या नाहीत.

तिसरा २००० चा, जामा या नियतकालिकातला. दुकानांत माल हाताळणारे कर्मचारी कमरेला पट्टा बांधतात, त्याचा उपयोग होतो का, हा प्रश्न होता. पट्ट्यामुळे पाठदुखी किंवा दुखापतीचे दावे कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

हे तीन वाचल्यावर मी प्रस्ताव बाजूला ठेवला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण विचार करा, मी तो तसाच रेटला असता तर काय झालं असतं? प्रश्नावलीत लोडर्सनी 'पाठ सरळ ठेवायची असते' हे बरोबर लिहिलं असतं, माझा आलेख वर गेला असता, पदवी मिळाली असती. आणि त्यांचे गुडघे होते तिथेच, त्याच पत्र्यावर टेकलेले राहिले असते.

प्रशिक्षण अपुरं का पडतं?

इथे लोडरला दोष देणं फार सोपं असतं: 'शिकवलं तरी तसं करत नाहीत.' पण नियम आणि जागा शेजारी-शेजारी ठेवून बघा.

'गुडघे वाकवून उचला' हा सल्ला लहान खोक्यासाठी बरा आहे, कारण ते दोन गुडघ्यांच्या मध्ये मावतं. मोठी सूटकेस मावत नाही. गुडघे वाकवले की ती गुडघ्यांच्या पुढे जाते, म्हणजे अंगापासून लांब, आणि मणक्यावरचा भार उलट वाढतो. विमानाच्या पोटात तर माणूस आधीच गुडघ्यांवर आहे. उभं राहून उचलताना पायांचे मोठे स्नायू मदत करतात, तीच मदत इथे मिळत नाही. सगळं काम कंबर, खांदे आणि हात करतात. 'पाय न हलवता वळू नका' हा नियमही तिथे निरर्थक आहे, कारण पाय हलवायला जागा नाही.

म्हणजे माणूस नियम मोडतोय असं नाही. ती जागाच नियम पाळू देत नाही.

तोच २३, पण अर्थ वेगळा

आता थोडं गणित. अमेरिकेची नायोश ही व्यावसायिक आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिने उचलण्याच्या कामासाठी एक समीकरण दिलंय. पहिलं रूप १९८१ चं, सुधारित १९९१ चं. त्याची सुरुवात एका स्थिरांकाने होते, आणि तो आहे २३ किलो.

गंमत आहे ना? बहुतेक आंतरराष्ट्रीय उड्डाणांत इकॉनॉमीच्या बॅगेची नेहमीची मर्यादाही २३. पण दोन्हींचा अर्थ वेगळा. नायोशचे २३ किलो सगळी परिस्थिती आदर्श असतानाचे आहेत: वजन अंगाला चिकटून, हात कमरेच्या जरा खाली, वळायचं नाही, फार उचलायचं नाही, वारंवार नाही, पकड उत्तम. परिस्थिती जितकी बिघडेल तितकं हे वजन खाली येतं. त्यासाठी सहा गुणक आहेत, प्रत्येक १ किंवा १ पेक्षा कमी.

एक कल्पित उदाहरण घेऊ. माणूस उभा राहून ट्रॉलीच्या खालच्या भागातून बॅग उचलून बेल्ट लोडरवर ठेवतोय. सोपं जावं म्हणून फक्त उचलण्याच्या सुरुवातीची स्थिती धरू.

- घोट्यांपासून हातांपर्यंतचं आडवं अंतर ४० सेंमी. गुणक २५ ÷ ४० = ०.६२५
- हातांची जमिनीपासून उंची ३० सेंमी. आदर्श ७५. गुणक १ − ०.००३ × ४५ = ०.८६५
- बॅग ६० सेंमी वर जाते. गुणक ०.८२ + ४.५ ÷ ६० = ०.८९५
- कंबरेतून ४५ अंश वळण. गुणक १ − ०.००३२ × ४५ = ०.८५६
- मिनिटाला ४ उचली, एक ते दोन तास. तक्त्यातून गुणक ०.७२
- पकड मध्यम. गुणक ०.९५

सगळ्यांचा गुणाकार साधारण ०.२८३. त्याला २३ ने गुणा: साडेसहा किलो. म्हणजे या परिस्थितीत शिफारस केलेलं वजन ६.५ किलो, आणि हातात आहे २३ किलोची बॅग. प्रत्यक्ष वजनाला शिफारस केलेल्या वजनाने भागलं की उचल-निर्देशांक मिळतो. इथे तो साधारण ३.५. निर्देशांक १ च्या आत असावा अशी अपेक्षा असते. तो ३ च्या वर गेला तर बहुतेक कामगारांना धोका वाढलेला असतो, असं अनेक तज्ज्ञ मानतात.

आता माणूस तोच, बॅग तीच, वेगही तोच. फक्त रचना बदलू. ट्रॉलीचा तळ वर उचलणारी सोय केली, त्यामुळे हात ७५ सेंमीवर. बेल्ट लोडर समोर आणि जवळपास त्याच उंचीवर, त्यामुळे वळण शून्य आणि वर उचलणं २५ सेंमीच्या आत. बॅग जवळ ओढता येते, त्यामुळे आडवं अंतर ३० सेंमी. या उंचीवर मध्यम पकडीचा गुणकही १ होतो. उरले दोनच: ०.८३३ आणि ०.७२. शिफारस केलेलं वजन १३.८ किलो, निर्देशांक साधारण १.७.

निम्म्याहून कमी! कुणालाही एक शब्द न शिकवता.

दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, या समीकरणात 'प्रशिक्षण' नावाचा गुणकच नाही. जे सहा आहेत ते सगळे मांडणीचे आणि वेगाचे आहेत, आणि ते ठरवणारा लोडर नसतो. दोन, एवढं करूनही निर्देशांक १ च्या वरच आहे. म्हणजे मांडणी सुधारणं पुरत नाही, उचलणंच काढून टाकता येतं का हे बघावं लागतं.

आणि समीकरण जिथे थांबतं

हे समीकरण हातात आल्यावर मला इतका आनंद झाला, की मी ते घेऊन थेट विमानाच्या पोटात शिरायला निघाले होते. नशिबाने आधी पुस्तिका पूर्ण वाचली. त्यात स्पष्ट लिहिलंय की बसून, गुडघ्यांवर किंवा अरुंद जागेत केलेल्या उचलीला हे समीकरण लागू नाही. एका हाताने केलेल्या उचलीलाही नाही. ढकलणं-ओढणं तर वेगळंच काम.

म्हणजे जिथे परिस्थिती सर्वांत वाईट, नेमकं तिथेच हे मोजमाप चालत नाही. ही गोष्ट वहीत लिहून ठेवा, कारण ती तुमच्याही विषयात येणार आहे. सोपं साधन हाताशी असलं की आपण नकळत त्या साधनाला जमेल तेवढाच प्रश्न अभ्यासतो. ट्रॉलीपाशी सुंदर आकडे मिळतात म्हणून ट्रॉलीवरच प्रबंध लिहिला जातो, आणि आत गुडघ्यांवर बसलेला माणूस 'अभ्यासाच्या मर्यादा' या शेवटच्या परिच्छेदात जाऊन पडतो.

आतल्या कामासाठी मग दुसरी साधनं जोडावी लागतात: स्नायूंची विद्युत-क्रिया मोजणं, अंगावर लावलेल्या संवेदकांनी हालचाल टिपणं, शरीराच्या आकृतीवर कुठे दुखतं ते दाखवायला सांगणं, आणि कष्ट किती वाटले हे विचारण्याची बोर्ग यांची मोजपट्टी. एकही साधन एकटं पुरेसं नाही. तीन-चार साधनं एकाच दिशेला बोट दाखवू लागली की मग बोलावं.

रचना बदलायची म्हणजे नेमकं काय?

सुरक्षेच्या अभ्यासात उपायांची एक उतरंड शिकवतात. सर्वांत वर धोका काढून टाकणं, मग कमी धोक्याचा पर्याय, मग यांत्रिक-रचनात्मक बदल, मग नियम आणि प्रशिक्षण, आणि सर्वांत खाली अंगावरची साधनं. सामान चढवण्याच्या कामात यातली वरची पायरी गाठायचे काही खरे प्रयत्न झालेत.

कंटेनर. मोठ्या विमानांत बॅगा आधीच कंटेनरमध्ये भरून तो यंत्राने आत सरकवतात. ए३२० मध्ये कमी उंचीचे कंटेनर बसवण्याची सोय घेता येते. ७३७ मध्ये बॅगा सुट्याच भराव्या लागतात. पण थांबा. कंटेनर भरतं कोण? इमारतीच्या आत दुसरा लोडर, हातानेच. विमानातला धोका गेला, पण त्यातला काही भाग इमारतीत आला. तिथली जागा उंच असते, यंत्र लावता येतं, म्हणून हा फायद्याचा सौदा असू शकतो. पण मोजताना दोन्ही जागा मोजायला हव्यात.

सरकता तळ. विमानाच्या पोटाच्या तळावर एक सरकता गालिचा बसवतात. लोडर दाराशीच थर रचतो, बटण दाबतो, आणि आख्खा थर आत सरकतो. लांब फेकणं आणि ढकलणं वाचतं. थर रचताना उचलणं मात्र राहतं, तेही गुडघ्यांवरच.

आतपर्यंत जाणारा पट्टा. बेल्ट लोडरच्या टोकाला जोडलेला, लांबवता येणारा पट्टा थेट रचणाऱ्या माणसापर्यंत जातो. टोकाची उंची बदलता येते, त्यामुळे बॅग हवी त्या थराच्या पातळीवर येते आणि उचलण्याऐवजी सरकवून चालतं. दाराशी बसून ढकलण्याचं काम जवळपास संपतं.

निर्वात उचलयंत्र. इमारतीत, पट्ट्यावरून ट्रॉलीत किंवा कंटेनरमध्ये बॅग ठेवायला छतावरून लोंबणारी नळी, जी बॅग हवेच्या शोषणाने धरते. वजन यंत्राकडे, दिशा माणसाकडे. अडचण एकच, ती हाताच्या वेगाला लागली तर टिकते. घाईच्या वेळी हळू वाटली, की लोक ती बाजूला सारून हातानेच उचलतात. तेव्हा पुन्हा लोडरला बोल लावू नका. वेळापत्रक कुणी ठरवलं ते विचारा.

वजनाची मर्यादा हाही रचनेचाच भाग आहे. बहुतेक विमान कंपन्या ३२ किलोच्या वरची एक बॅग घेत नाहीत, आणि २३ च्या वरच्या बॅगेला 'जड' असा टॅग लागतो. उचलण्याआधी वजन कळणं ही छोटी गोष्ट नाही. अंदाज चुकला की स्नायू तयार नसतात.

मग हे सगळीकडे का नाही?

कारण ज्याला दुखतं आणि ज्याला खर्च करायचाय, ते एक नाहीत. विमान कंपनीचं, इमारत विमानतळाची, आणि लोडर बऱ्याचदा तिसऱ्याच ग्राउंड हँडलिंग कंपनीचा, कधी तिच्याही कंत्राटदाराचा. सरकता तळ बसवला तर त्याचं वजन विमानाने वाहायचं आणि इंधनाचा खर्च विमान कंपनीचा. वाचणारा गुडघा मात्र तिच्या पगारपत्रकावर नाही. प्रशिक्षण स्वस्त असतं, एका दिवसात होतं, आणि सहीचा कागद मिळतो. म्हणूनच ते सगळ्यांना आवडतं. मलाही आवडलं होतंच की.

या साखळीत संशोधकाचं काम दुखापतीचा हिशेब लोकांसमोर ठेवणं हे आहे. त्यासाठी पुरावा पक्का लागतो, आणि तो गोळा करताना एक मोठा खड्डा आहे. समजा तुम्ही विमानतळावर गेलात आणि आज कामावर असलेल्या १०० लोडर्सना पाठदुखीबद्दल विचारलं. ज्यांची पाठ गेली ते नोकरी सोडून कधीच घरी गेलेत. तुम्हाला भेटले ते टिकलेले. आकडे छान येतील, आणि निष्कर्ष निघेल की काम फारसं वाईट नाही. याला निरोगी-कामगार परिणाम म्हणतात.

कोपनहेगन विमानतळाच्या अभ्यासगटाने यावर चांगला मार्ग काढला. त्यांनी १९९० पासून तिथे काम केलेल्या लोडर्सची यादी घेतली, नोकरी सोडलेल्यांसह. ती डेन्मार्कच्या राष्ट्रीय रुग्ण-नोंदींशी जोडली आणि तुलनेला त्याच परिसरातले इतर अकुशल कामांतले पुरुष घेतले. खांद्याच्या एका ठरावीक विकाराबाबत त्यांना दिसलं की कामाची वर्षं वाढतात तसा धोका वाढतो. इथे कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहावं लागलं नाही, आणि सोडून गेलेलेही मोजले गेले. आपल्याकडे अशा जोडलेल्या नोंदी सहज मिळत नाहीत. म्हणून निदान नोकरी सोडलेल्यांना शोधून भेटण्याची तरतूद तुमच्या आराखड्यात आधीपासून ठेवा.

तुमच्यासाठी गृहपाठ

विमानतळावर जायला परवानगी लागते, ती सहज मिळत नाही. पण हाच प्रश्न मार्केट यार्डात आहे, मालधक्क्यावर आहे. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. नायोशच्या आदर्श परिस्थितीतसुद्धा तिचा निर्देशांक २ च्या वर जातो. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला. त्यांच्या पाठीवरच्या वजनाचा असा तपशीलवार हिशेब मांडायला आजही भरपूर वाव आहे.

तेव्हा एक करा. जवळच्या एखाद्या अशा कामाकडे, परवानगी घेऊन, तासभर बघत बसा. उचली मोजा. सहा गुणक काढा. समीकरण कुठे लागू पडत नाही तेही लिहा. मग तुमच्या प्रस्तावातला उपाय काढा आणि मला विचारलेला प्रश्न त्याला विचारा: यामुळे कुठलं वजन हलकं होणार आहे?

माझा नवा प्रस्ताव आता विमानाच्या पोटातल्या कामावर आहे, हातानं भरणं आणि आतपर्यंत जाणारा पट्टा यांच्या तुलनेवर. प्रशिक्षण त्यातही आहे, पण ते यंत्र कसं वापरायचं याचं. आणि पुढच्या वेळी घरी बॅग भरताना काटा २३ वर आला, तरी ती लोणच्याची बरणी आत ठेवू की नको, याचा मी जरा जास्त विचार करते.